सायखेड्यातील एक दिग्व्रत

आजीची आठवण लिहावयास बसलेल्या मराठी लेखकाची एक मोठी सोय अशी की, ‘ती अतिशय भाविक होती’ एवढे वाक्य लिहून झाले म्हणजे पुढचे पुष्कळसे काम वाचकच करतो. देवघर, समई, पोथी, सुरकुतलेले हात आणि नातवंडांच्या तळहातावर पडणारा खडीसाखरेचा खडा ही सामग्री त्याच्या मनात तयारच असते, आणि लेखकाने तीत आपल्या गावाचे नाव तेवढे भरावयाचे असते. या सोयीचा लाभ मीही घेतला असता. परंतु जिच्याविषयी मला लिहावयाचे आहे त्या माझ्या आजीच्या घरात देवघर नव्हते, मूर्ती नव्हती, सूर्यास्तानंतर दिवा लावण्याससुद्धा तिची हरकत असे, कारण ज्योतीवर किडे पडून मरतात. आणि भाविक म्हणून ज्या भोळ्या, ओलसर मनोवृत्तीचे आपण कौतुक करतो ती तर तिच्यात औषधालाही नव्हती. ती स्थानकवासी जैन होती, ओसवाल होती, मारवाडातून निफाड तालुक्यातील सायखेड्यास लग्न होऊन आली होती, आणि तिचा धर्म एखाद्या दिवाणी कायद्यासारखा कलमवार होता: काय खावे, किती खावे, किती पाणी सांडावे, किती कोसांपलीकडे जाऊ नये, किती वेळ बोलू नये, या साऱ्याची त्यात मर्यादा होती, आणि मर्यादेचा भंग झाल्यास त्याची नोंदही होती. अशा धर्माला श्रद्धेच्या खात्यावर टाकून मोकळे होणे म्हणजे त्या बाईच्या बुद्धीचा अपहार करणे होय, असे माझे मत आहे. तिच्या आयुष्याचा विचार करावयाचा तर तो तिच्याच कायद्याने करावा. मग त्याचा निकाल आमच्या घराविरुद्ध गेला तरी बेहत्तर.

सायखेडा हे गोदाकाठचे बाजारपेठेचे गाव. समोरच्या तीरावर चांदोरी, मध्ये पूल, आणि बरेच खाली, कादवा जेथे गोदावरीस मिळते तेथे, नांदूर-मध्यमेश्वरचा इंग्रजी अमदानीतला बंधारा. या बंधाऱ्याच्या फुगवट्यावर हिवाळ्यात परदेशी पाखरे उतरतात, आणि २०२० साली रामसरच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचे नाव जाहीर झाल्यापासून पुण्यामुंबईची माणसे दुर्बिणी घेऊन येतात. गावकऱ्यांना मात्र फुगवटा आठवतो तो पुराच्या दिवसांत. १९६९ चा पूर म्हणजे या पंचक्रोशीतल्या जुन्या माणसांचा शकच होऊन बसला आहे; २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टांत गावात पाणी शिरले तेव्हाही बोलणे पुन्हा ‘एकोणसत्तरला कुठवर होतं’ यावरच येई. नदीला येथे गोदावरी कोणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. जमीन काळी, कसदार. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीचा उपबाजार गावात असल्यामुळे हंगामात कांद्याच्या गाड्यांची रीघ लागते, आणि तो उग्र वास कपड्यांना, वह्यांना, माणसांच्या बोलण्यालाही लागून राहतो.

या गंगाथडीतून उत्तरेस गेलेल्या माणसांचा इतिहास आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. चांदोरीचे हिंगणे घराणे हे त्याचे ठळक उदाहरण. नाशिकच्या तीर्थोपाध्येपणातून उठून या घराण्यातील पुरुष पेशव्यांचे वकील म्हणून दिल्लीच्या दरबारात बसले, आणि त्यांनी तेथून पाठविलेल्या पत्रांचे दप्तर छापून निघाल्यामुळे अठराव्या शतकातील दिल्लीची कारस्थाने आज आपण घरबसल्या वाचू शकतो. उलट, उत्तरेतून या काठावर जी माणसे आली त्यांच्याविषयी दप्तर आहे ते निराळ्या प्रकारचे. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरात मारवाडी भेटतो तो सावकारीच्या प्रकरणात. कोर्टांत भेटतो तो वादी म्हणून. आणि आमच्या मराठी कथा-नाटकांत भेटतो तो पागोटे, गोड बोलणे आणि कोरा स्टँप घेऊन. या तिन्ही ठिकाणी मारवाडी हा पुल्लिंगीच असतो. त्याच्या मागून, खंडव्यास मीटरगेजची गाडी सोडून आणि जी. आय. पी.च्या डब्यात ट्रंका चढवून, तोंडावर पदर ओढून आलेली जी बाई, तिची नोंद कोणीच केली नाही. ओसवालांच्या वंशावळी ठेवणाऱ्या मारवाडातील भाटांनी केली ती ‘अमुक गोत्राची बेटी’ एवढीच.

आमच्या पणजोबांना मारवाडातून निघावयास लावले ते छप्पन्याने. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० साली पडलेल्या त्या दुष्काळाने राजपुतान्यातील माणसे आणि गुरे अशी काही उधळून लावली की, मारवाडी घरांत ‘छप्पनिया’ हा शब्द पुढे तीन पिढ्या मुलांना ताटात टाकू न देण्यासाठी उच्चारला जात असे. पणजोबा आधी एका दूरच्या नातलगाच्या दुकानावर मुनीम म्हणून राहिले, मग त्यांनी स्वतःची पेढी घातली. आणि पहिले महायुद्ध संपून दोनचार वर्षे झाली असतील तेव्हा त्यांच्या मुलाची बायको म्हणून आजी आली. खेरवाडी स्टेशनावर उतरून, बैलगाडीने चांदोरीपर्यंत येऊन, तिने प्रथम गंगा पाहिली. तोवर तिने वाहते पाणी पाहिलेच नव्हते, असे ती सांगे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जैन गृहस्थाच्या आहारविहाराचे जे कडक नियम आपल्याला विरक्तीचे नमुने वाटतात, त्यांतले कित्येक मारवाडात पाळावयास फारसे कष्ट पडत नाहीत. हिरवी भाजी वर्ज्य करा म्हटले तर तेथे हिरवी भाजी होती कोठे? वाळविलेले केर, सांगरी, पापड, मुगाच्या मंगोड्या, बाजरीची भाकरी, यांवर वर्ष काढणाऱ्या घरात अष्टमी-चतुर्दशीचे पथ्य आपोआपच पाळले जाते. पाणी मोजून वापरा, ही आज्ञा तर वाळवंटात आज्ञाच नव्हे. ती तेथली रीतच. गंगाथडीत येताच या नियमांचे स्वरूप पालटले. दारापुढे बारमाही नदी, परसात वांगी, मेथी आणि कोथिंबीर, शेतातून येणाऱ्या कुळाच्या डोक्यावर शेंगांची पाटी, आणि गावाची सारी उलाढाल ज्याच्यावर त्या कांद्याला तर कंदमूळ म्हणून उंबऱ्याच्या आत मज्जाव. मारवाडात जी केवळ परिस्थिती होती तिचे सायखेड्यात व्रत झाले. देशांतर केल्याने धर्म पातळ होतो अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. माझ्या आजीच्या बाबतीत मला तरी याच्या उलट घडलेले दिसते, कारण जेथे मोह नाही तेथील संयमाची किंमत किती, हा प्रश्न तिला पहिल्याने पडला तो येथे, ओल्या जमिनीवर.

तिचे पाणी आमच्या लहानपणापर्यंत गंगेवरूनच येई. ते दुहेरी फडक्यातून गाळले जाई, आणि फडक्यात राहिलेला गाळ, ज्याला जिवाणी म्हणतात, तो निथळून ज्या पाण्यातून आला त्याच पाण्यात परत सोडावा असा नियम असल्यामुळे रोज एक तांब्या नदीकडे उलट चालत जाई. धुणे धुवावयास आलेल्या बायांना या प्रकाराचे हसू येई. गंगेत पुण्यासाठी डुबकी मारणे तिला मान्य नव्हते, सिंहस्थात नाशकास लाखो माणसे लोटत तेव्हा ती घरात सामायिकाची घडी उलटी करून बसलेली असे. पण नदीत साबण लावू नये, नदीत थुंकू नये, आणि जे जीव आपण उपसून आणले ते नदीला परत द्यावेत, एवढा व्यवहार तिने त्या नदीशी आमरण सांभाळला. गंगेला आई म्हणणारे आम्ही आज तिच्यात काय काय सोडतो हे नाशकाच्या खाली राहणाऱ्यांस सांगावयास नको. त्या मानाने नदीला आई न म्हणणाऱ्या या बाईचा व्यवहार अधिक चोख होता, असे म्हणणे भाग आहे.

सामायिक म्हणजे दोन घटकांचे, अठ्ठेचाळीस मिनिटांचे समतेचे आसन. तोंडाला मुहपत्ती बांधून, शुभ्र आसनावर, वाळूची घडी समोर ठेवून ती बसली की दुकानातले, स्वयंपाकातले, सोयरिकीचे सारे प्रश्न वाळू संपेपर्यंत तहकूब. घरातील सर्व स्त्रियांत दिवसातला एवढा वेळ स्वतःच्या मालकीचा असलेली ती एकटीच होती, आणि धर्माची सही असल्यामुळे त्या वेळेवर सासऱ्यालाही हात टाकता येत नसे. याचा अर्थ ती ढोंग करीत होती असा नव्हे. जो अधिकार मिळविण्यास दुसरा कोणताच मार्ग ठेवलेला नाही तो तिने उपलब्ध मार्गाने मिळविला, आणि ज्या मार्गाने मिळविला तो मार्गही तिला मनापासून प्रिय होता. या दोन गोष्टी एका माणसात नांदू शकत नाहीत असे मानण्याची खोड आपल्या सुधारकांनाही आहे आणि सनातन्यांनाही.

हेच तिच्या दिग्व्रताच्या बाबतीत अधिक स्पष्ट दिसते. जैन श्रावकाच्या बारा व्रतांत सहावे व्रत दिशांचे आहे: अमुक दिशेस अमुक ठिकाणापलीकडे मी जाणार नाही, असा आयुष्यभराचा नेम. आपण जितके फिरू तितकी हिंसा आणि तितका लोभ वाढतो, हा त्यामागचा विचार. ज्या समाजाचे पुरुष व्यापारासाठी शेकडो कोस पायाखाली घालतात त्या समाजाच्या धर्मात हे व्रत असावे, यातला विरोध कोणासही खटकेल; पण माझ्या आजीने या व्रताचे जे केले ते मला आजही थक्क करते. तिने पश्चिमेस नाशिक, पूर्वेस मनमाड, उत्तरेस चांदवड आणि दक्षिणेस अहमदनगर अशी हद्द बांधून घेतली. व्रतात अपवादाची सवड ठेवता येते, तिला आगार म्हणतात; तिने मारवाडासाठी आगार ठेवला नाही. जन्मगाव, पीहर म्हणजे माहेर, भाऊ, भाचे, सारे हद्दीबाहेर गेले.

आजोबा ऐन चाळिशीत वारले. पदरात लहान मुले, दुकान भागीदाराच्या हाती, आणि ‘आता देशी चला’ असा भावाचा आग्रह. देश म्हणजे अर्थातच मारवाड. तिने उत्तर दिले की, मी पच्चक्खाण, म्हणजे त्यागाचा नेम, घेतले आहे, ते मोडता येत नाही. भाऊ स्वतः धर्मनिष्ठ. त्याला पुढे बोलता येईना, आणि तो परत गेला. थोरल्या आत्याबाई सांगत की, व्रत आजोबा असतानाच घेतलेले होते, आणि ते पाळण्यासाठी दादीजींनी भावाचा शब्द मोडला हा त्यांच्या दृढतेचा पुरावा. माझ्या वडिलांना मात्र संशय होता की, भावाचे पत्र आल्यावर, तो निघण्यापूर्वी, त्याच चातुर्मासात तिने ते घेतले असावे. आत्याबाईंना ही शंका पापासारखी वाटे. मला वडिलांचे म्हणणे अधिक संभवनीय वाटते, आणि त्याने तिची योग्यता कमी होते असे तर मुळीच वाटत नाही. भावाच्या घरी आश्रित विधवा म्हणून राहणे आणि सायखेड्यात स्वतःच्या उंबऱ्यात राहणे, यांपैकी तिने एकाची निवड केली. आणि निवड करण्याचा हक्क विधवेला नसल्यामुळे ती निवड तिने व्रताच्या भाषेत नोंदविली. परमुलखात आलेल्या माणसाने ‘मी आता येथला’ असे जाहीर करण्याचे जे कागद सरकारदरबारी असतात त्यांहून हा दस्तऐवज अधिक पक्का होता, कारण तो रद्द करून मागण्याची सोयच तिने ठेवली नव्हती.

आणखी असे की, गुरूंसाठी मारवाडाकडे पाहण्याची गरजही तोवर उरली नव्हती. नगर जिल्ह्यातील चिचोंडीस १९०० साली जन्मलेले आनंदऋषीजी पुढे स्थानकवासींच्या श्रमणसंघाचे आचार्य झाले आणि १९९२ साली अहमदनगरासच त्यांचे देहावसान झाले. म्हणजे जो धर्म आजीच्या सासऱ्याने ट्रंकेत घालून आणला असे आम्ही समजत होतो, तो याच मातीत जन्मलेल्या माणसांच्या मुखाने बोलू लागला होता.

एवढे सर्व लिहून मी येथेच थांबलो असतो तर लेख गोड झाला असता, पण खरा झाला नसता. दिग्व्रत घेऊन जी बाई सायखेड्याची झाली ती सायखेड्यास ज्या पेढीच्या आश्रयाने राहिली, त्या पेढीचा व्यवहार काय होता?

स्थानकवासी श्रावक-श्राविका सायंकाळी प्रतिक्रमण करतात. त्यात दिवसभरात झालेल्या अतिचारांचा, म्हणजे व्रताला लागलेल्या डागांचा, एकेक करून उच्चार असतो आणि प्रत्येकाबद्दल क्षमा मागितलेली असते. मूळ पाठ अर्धमागधीत असल्यामुळे म्हणणाऱ्यांतील बहुतेकांना अर्थाचा पत्ता नसतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या व्रताच्या अतिचारांत जे दोष मोजले आहेत त्यांत खोटा लेख करणे, चोरीचा माल घेणे, खोटे वजन आणि खोटे माप वापरणे हे येतात. आता १८७५ सालच्या दख्खनच्या दंग्याची कैफियत आठवावी. १२ मे रोजी भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारात सुरू झालेल्या त्या उठावात रयतेने सावकारांच्या जिवावर हात टाकला तो क्वचितच. तिचा रोख होता तो कर्जरोख्यांवर. दप्तरे बाहेर काढली, रोखे जाळले, आणि पुष्कळ ठिकाणी दंगा तेथेच थांबला. रयतेची तक्रार तरी काय होती? खोटा कागद, खोटे माप, चढते व्याज. म्हणजे सावकाराच्या दुकानामागच्या खोलीत त्याची बायको रोज सायंकाळी ज्या पापांची यादी म्हणत होती, तिच्यातील दोन कलमे आणि रयतेच्या फिर्यादीतील दोन कलमे शब्दशः एक होती. त्या फिर्यादीतून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या दिलासाचा कायदा निघाला. आणि त्याच्या अंमलबजावणीवर पुढे जे विशेष न्यायाधीश नेमले गेले ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आमच्याच निफाडात १८४२ साली जन्मलेले. कायदा प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. नाशिक जिल्हा त्याच्या बाहेर राहिला.

आमच्या घरात घडलेली गोष्ट आत्याबाईंकडून मला कळली. एका चातुर्मासात एका साध्वीजींनी स्थानकात, म्हणजे आमच्या धर्मस्थानात, प्रतिक्रमणाचा अर्थ मारवाडीतून समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वी आजीने तेथल्या दोन्ही पायल्या स्वयंपाकघरात मागविल्या आणि कणगीतली बाजरी एकीने भरून दुसरीत ओतली. काही बाजरी जमिनीवर सांडली. ती एक अक्षर बोलली नाही. जमिनीवरचे दाणे वेचले, मोठी पायली स्वयंपाकघरातच ठेवून घेतली, आणि लहान तेवढी दुकानात परत पाठविली. कुळाचे धान्य मापून घेताना मोठी आणि त्याला मापून देताना लहान, हा त्या काळचा सर्रास रिवाज होता, तो आमच्याकडेही होता. त्या दिवसापासून घेणे आणि देणे एकाच पायलीने होऊ लागले. आजोबा तिच्याशी आठ दिवस बोलले नाहीत म्हणतात.

खातेवह्यांच्या बाबतीत मात्र तिला असे काही करता आले नाही, आणि त्याचे कारणही उघड आहे. तिला अक्षरओळख होती ती देवनागरीची, स्तोत्रांपुरती; पेढीच्या वह्या महाजनीत लिहिल्या जात, जी ना घरातल्या बायकांना वाचता येई ना अंगठा करणाऱ्या कुळाला. लिपीच्या या कुंपणामागे व्याजाचे जे गणित चाले ते मापाने तपासता येण्यासारखे नव्हते. तथापि मला असेही म्हणावेसे वाटते की, वाचता आले असते तरी तिने बहुधा हात घातला नसता. श्रावकास वर्ज्य अशा पंधरा धंद्यांची, कर्मादानांची, जी यादी आहे तिच्यात जंगल जाळणे आहे, तलाव कोरडा पाडणे आहे, हस्तिदंत, लाख आणि विष यांचा व्यापार आहे, व्याजबट्टा नाही. तिच्या कायद्यात जे कलम नव्हते त्याची चौकशी तिने केली नाही. जमिनीवर सांडलेला दाणा मुंगीच्या पायाखाली येईल की मुंगी दाण्याखाली, याची काळजी करणाऱ्या बाईच्या घरात जप्तीच्या दरखास्ती लिहिल्या जात होत्या, आणि परिग्रहाचे, म्हणजे मालमत्तेचे, परिमाण तिने स्वतःच्या सोन्यापुरते बांधले होते, पेढीच्या येण्यापुरते नव्हे. कलमवार धर्माचा हा दोष आहे. जेथे कलम संपते तेथे विवेकही थांबतो. भोळ्या भाविकाला निदान कोणाचे रडणे ऐकून कळवळा तरी येतो. तिला कळवळा येत नसे असे नाही, पण ती त्याला पुरावा मानीत नसे.

अखेरीस जे तिच्या प्रतिक्रमणाने झाले नाही ते सरकारने केले. १९४६ चा मुंबई सावकारी कायदा आणि १९४७ चा शेतकरी ऋणनिवारण कायदा यांनी परवाने आले, व्याजाला मर्यादा आली, गहाणातल्या जमिनी सुटू लागल्या, आणि पुढे कूळकायद्याने उरलेसुरले आटोपले. आमच्या पेढीची आडत झाली. मग कुळाला कर्ज देण्याऐवजी त्याचा कांदा विकून देणे आणि त्यावर आडत कापणे हा धंदा झाला. आणि जे कंदमूळ तिने जन्मात जिभेवर ठेवले नाही त्याच्याच मिळकतीवर तिच्या नातवंडांची शिक्षणे झाली. नवऱ्याच्या काळात रोखे होते, मुलांच्या काळात गोण्या आल्या; उंबऱ्याची हद्द तिने दोन्ही वेळा सारखीच सांभाळली. आम्ही मुले शेजारच्या पाटलांच्या घरी जाऊन कांदाभाकर खात असू. ती आमचे तोंड हुंगत नसे, विचारीतही नसे, एवढा तिचा शहाणपणा.

परदेशस्थ मराठी माणसांविषयी आपण किती हळवे असतो! मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मजुरांच्या वंशजांनी मराठी भजन टिकविले याचा आपल्याला अभिमान. कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल आजींनी पुरणपोळी आणि मराठी बोली टिकविली याचे आपल्याला अप्रूप. अमेरिकेतील गणपतीचे फोटो तर दरवर्षी वृत्तपत्रांत येतात. परंतु आपल्याच गावात साठ वर्षे राहून जी बाई आपली मुहपत्ती, आपली तिथी आणि आपले पापड टिकवून धरते, तिला आपण उपरी म्हणतो. तिच्या जातीच्या पेढ्यांनी केलेल्या जुलमाचा विसर पडावा असे मी सांगत नाही, ते वर लिहिलेच आहे. पण टिकवून धरण्याचा जो गुण आपल्याला न्यू जर्सीत भूषणावह वाटतो तो सायखेड्यात आडमुठेपणा का ठरावा, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही. आमच्या समाजानेही या बाबतीत फार काही केले आहे असे नाही. याच गोदेच्या वरच्या अंगास जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी, नवऱ्याने धर्म बदलल्यावर स्वतःच्या मनाशी केलेला झगडा ‘स्मृतिचित्रां’त लिहून ठेवला, म्हणून एका स्त्रीची धर्मबुद्धी कशी चालते हे मराठीत आपल्याला आतून पाहता येते. मारवाडातून आलेल्या बायकांपैकी कोणी असे लिहिले नाही. लिहिता येणाऱ्या त्यांच्या लेकी-सुनांना कोणी लिहावयास सांगितले नाही. आणि आम्ही नातू लिहू लागलो तर आमच्या हाती लागतो तो ‘धर्मपरायण’ हा तयार शब्द.

आजी वारली तेव्हा छापलेल्या शोकपत्रिकेत तो शब्द होताच. वर मारवाडातील गावाचे नाव ‘मूळ निवासी’ म्हणून मोठ्या टायपात, आणि खाली लहान टायपात ‘हल्ली मुक्काम सायखेडा’. दिग्व्रत घेऊन ज्या गावाला तिने हद्दीबाहेर काढले तेच तिच्या नावापुढे लागलेले पाहून मी काकांकडे तक्रार केली. त्यांचे म्हणणे पडले की, मूळ गाव लिहिल्याखेरीज बिरादरीत ओळख पटत नाही, आणि ते खोटेही नव्हते.

तिसऱ्या दिवशी बैठकीला गावचे लोक आले, त्यांत पूर्वी आमचे कूळ असलेल्या घरातील एक वृद्ध गृहस्थ होते. पाणी घेऊन झाल्यावर ते म्हणाले, “बाईजींच्या घरचं माप सरळ व्हतं. व्याज मात्र तेवढं नव्हतं.” बैठकीत कोणी काही बोलले नाही. मग त्यांनी काकांना विचारले की, त्यांच्या वडिलांनी आजोबांना लिहून दिलेले गहाणखत घरात कोठे असेल तर पाहून ठेवावे. जमीन ऋणनिवारणाच्या निकालात केव्हाच परत मिळाली होती, पण तो कागद त्यांना हवा होता. आम्ही माळ्यावर आणि जुन्या पेट्यांत शोधला. १९६९ च्या पुरात खालच्या खोलीतली दप्तरे वाहून गेली, त्यांत तोही गेला असला पाहिजे, असे काकांनी त्यांना नंतर सांगितले. त्यावर त्यांचा विश्वास बसला की नाही हे मला कळले नाही.